शक्तिमानच्या मिस्त्रींना आभारपत्र

आदरणीय मिस्त्री,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आमचा शक्तिमान हा जुना लष्करी ट्रक आपल्या हातून दुरुस्त होऊन संग्रहालयाच्या शेडमध्ये उभा राहिला, त्याला आता आठवडा लोटला. आपले बिल आम्ही चुकते केले, परंतु आपले देणे फिटले असे मला क्षणभरही वाटलेले नाही; म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता यावे असे उघडपणे लिहीत आहे. आपले नाव त्यात घातलेले नाही, कारण ते छापून आलेले आपल्याला आवडणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपल्याला ओळखणारे लोक नावावाचूनही ओळखतील.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला आहे. त्यांपैकी किती तरी जणांच्या नोकरीची वर्षे शक्तिमानच्या मागच्या फळ्यांवर बसून, नाही तर त्याच्या स्टिअरिंगमागे गेली. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने १९५९ साली जबलपूरला हा ट्रक तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत तो बनत राहिला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लष्कराचा दाणागोटा आणि दारूगोळा त्याने वाहिला. अहिल्यानगरच्या संग्रहालयात रणगाडे पाहायला लोक लांबून येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या रणगाड्यांपर्यंत डिझेल आणि तोफगोळे पोहोचवणाऱ्या वाहनाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे. लष्कराच्या लिलावातून निघून पुढे लाकूडवाहतुकीत झिजलेला एक शक्तिमान आमच्या हाती लागला, तेव्हा तो लष्करात जसा होता तसाच उभा करायचा, एवढा एकच हट्ट आम्ही धरला होता.

आपल्याआधी हा ट्रक ज्या गॅरेजमध्ये होता, तेथील अनुभव फार कडू आहे. त्यांनी फाळक्यावर लांबी (पुट्टी) भरून वर चकचकीत हिरवा रंग मारला आणि जुन्या रंगाखाली लष्करी खुणेच्या बाणासह शाबूत असलेला लष्करी क्रमांक घासून काढला. त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे वाहन लष्करात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात, हे आम्ही त्यांना आधीच समजावले होते. काढलेले भाग मागितले, तर “भंगारात गेले, त्याचे काय करणार?” असे उत्तर मिळाले. बुडालेल्या आगाऊ रकमेपेक्षाही ते उत्तर मला अधिक लागले. ज्या वस्तूत एखाद्याच्या उमेदीची वर्षे गेली आहेत, तिला भंगार म्हणण्याआधी माणसाने थोडे तरी थांबावे.

आपण इंजिनाचे केलेले काम जाणकारांनीच वाखाणावे असे आहे. या इंजिनात डिझेल पिस्टनच्या माथ्यावरील गोल खळगीच्या भिंतीवर फवारले जाते आणि तिथे त्याचा पातळ थर होऊन मग ते पेटते. त्याचा आवाज दबका असतो तो त्यामुळेच. आधीच्या लोकांनी डिझेल फवारणारे नोझल दुसऱ्याच गाडीचे बसवल्यामुळे इंजिन ठोके देत होते. आपण नुसते कान देऊन ते ओळखलेत. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही, कारण मला लिहायचे आहे ते त्या श्रीखंडाच्या डब्यांविषयी.

ट्रक ताब्यात देताना आपण एक लाकडी खोके केबिनमध्ये ठेवलेत आणि “हे तुमचे” एवढेच म्हणालात. घरी येऊन उघडले, तर आत श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीने लावलेले होते. आपण बदललेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर, तुटलेल्या पाट्याचा तुकडा, झिजलेले बुश, सारे त्या डब्यांत पुसून ठेवलेले होते, आणि प्रत्येक डब्यात तारखेच्या कॅलेंडरचे फाडलेले पान होते, ज्याच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने लिहिलेले होते : “डावे मागचे चाक, आतून चौथा. आटे गेलेले.” “बोनेटचा कडी-खिळा. मूळचाच आहे, फेकू नये.” असे जपायला आम्ही आपल्याला सांगितले नव्हते, आणि बिलातही त्याचा एक पैसा लावलेला नव्हता.

त्यांतला एक डबा रिकामा होता. रात्री दिवे मालवून ताफा चालतो, तेव्हा मागच्या चालकाला पुढची गाडी दिसावी म्हणून लष्करी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोल पेटीवर, पांढरा रंग देतात आणि त्यावर उजेड पडेल असा एक लहानसा दिवा लावतात. ग्रीसचे थर काढल्यावर आपल्याला तो पांढरा रंग सापडला, दिवा मात्र नव्हता. बाजारातला कोणताही बारका दिवा तिथे बसवला असता, तरी आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नसते. आपण तसे केले नाही. रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवलीत : “इथला दिवा गाडी आली तेव्हाच नव्हता. भोके जुनी आहेत. खोटा लावला नाही.”

ती चिठ्ठी मी किती वेळ हातात धरून बसलो होतो ते सांगता येणार नाही. नसलेल्या वस्तूचाही हिशेब द्यावा, आणि तोही कोणी विचारणार नाही हे ठाऊक असताना, ही वृत्ती मी मोठमोठ्या पदांवरील माणसांत शोधून थकलो आहे. आपल्या समाजात हुशारीला तोटा नाही. पण गिऱ्हाईक अडाणी आहे हे कळल्यावर त्याच्याशी दुप्पट सरळ वागणारी माणसे विरळा झाली आहेत. ती आहेत म्हणूनच डॉक्टरकडे, वकिलाकडे, गवंड्याकडे आपण विश्वासाने जाऊ शकतो, आणि त्यांचा सत्कार कोठेही होत नाही.

दिव्याची जागा आम्ही मोकळीच ठेवली आहे. तिच्या शेजारी आपली चिठ्ठी काचेखाली लावायचे समितीने ठरवले आहे. तेवढी परवानगी आपण द्यावी, ही विनंती. मूळचा दिवा मिळावा म्हणून जुन्या बाजारांतील ओळखीच्या माणसांना सांगून ठेवले आहे. बाकीचे डबे कपाटात क्रमाने लावून झाले, परंतु एका चिठ्ठीवरचे अक्षर तेलात पुसले गेले आहे, आणि त्या डब्यातील बारीक स्प्रिंग कशाची, ते आमच्या माजी सैनिक चालकांनाही सांगता आले नाही. आपण सवडीने एकदा इकडे यावे आणि ती चिठ्ठी पुन्हा लिहून द्यावी.

आपला ऋणी,
सचिव, ग्राम सैनिक संग्रहालय समिती