एका सहीचं काम

पुणे, रविवार दुपार

प्रिय नंदे,

पाच महिने पत्र नाही की फोन नाही, आणि आता लिहितेय ती काम पडलं म्हणून. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. प्रकृती ठीक. गुडघा आहे तसाच. बाबा गेल्यापासून आईची शुगर वरखाली होते, बाकी बरी आहे.

गुरुवारी बंडूदादाचा फोन आला. "वारस नोंदीचं आहे गो, एका सहीचं काम. काकूला घेऊन एक दिवस राजापुरात ये, रात्रीच्या एसटीने परत जा. कागद मोबाइलवर पाठवलाय." मी मेथी निवडत होते, हो म्हटलं. रात्री चष्मा सापडला तेव्हा कागद उघडला. पाच पानं. पहिल्यावर बाबांचं नाव, गेल्याची तारीख, गट नंबर, सगळं चोख. तिसऱ्या पानावर काय, तर आमचा अविभक्त हिस्सा आम्ही काकांच्या लाभात, मोबदला न घेता, "स्वखुशीने" सोडून देत आहोत. हक्कसोडपत्र, नंदे! मी अंथरुणात उठून बसले आणि पहिली आठवली तुझी आई.

तुझ्या मामांनी केलेला तो कागद तू मला दाखवला होतास. "स्वखुशीने"खाली पेनाने दोन रेघा मारल्या होत्यास. आणि मी शहाणी काय म्हणाले? चार गुंठ्यांसाठी माहेरचं दार बंद करून घ्यायचं का! दिवाळीपासून होळीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. आज माफी मागते. पण माझी पिवळी ओढणी तू अजून परत केलेली नाहीस, तेव्हा फिटंफाट.

शुक्रवारी दादाला विचारलं. जरा थांबून म्हणाला, "वकिलाने चुकून दुसराच मसुदा पाठवला वाटतं." आता मला सांग, चुकून पाठवलेल्या मसुद्यात माझं सासरचं नाव, आईचं आधारवरचं नाव आणि चतुःसीमा, अगदी पूर्वेच्या व्हाळासकट, बरोबर कशी येते?

मग मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. वरच्या नमुना सातमध्ये काका आणि बाबा. आत्या अजून "इतर हक्क"मध्ये, पाहुणीसारखी कोपऱ्यात. खाली बारामध्ये पीक: आंबा. म्हणजे सरकारदरबारी आमच्या बागेत आंबा आहे, फक्त दादाच्या हिशेबात नाही. एका साली मोहोर जळला, एका साली तुडतुडे, एका साली थ्रिप्स, मग अवकाळी, गेल्या साली वानर. करार घेणारा मात्र दर वर्षी तोच येतो, आणि हसत येतो. आम्हाला दोन पेट्या, त्यातल्या एकीतले निम्मे देठाशी काळे. राजापूरची गंगा लहरी म्हणतात, पण दोन-तीन वर्षांनी का होईना, ती येते. हिशेब एकदाही आला नाही. बाबांनी कधी मागितलाही नाही. "भावाच्या पोराकडे हिशेब मागायचा?" एवढंच म्हणायचे. दादाला ती सवय आम्हीच लावली.

ह्यांच्या मित्राची बायको वकील आहे, तिच्याकडे गेले. ती म्हणाली, वारस नोंदीला सब-रजिस्ट्रारकडे जावंच लागत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. नोंदणी लागते ती हक्क सोडायला. म्हणजे दादाने तालुक्याला बोलावलं तिथेच सगळं आलं. वहिनीचं वेगळंच. "तुझं लग्न 2005च्या आधीचं, मुलींचा कायदा तुला लागू नाही" म्हणे. वकीलबाई हसल्या. लग्न कधीचंही असो, तो लागू आहेच, आणि इथे तर त्याचीही गरज नाही. बापाच्या वाटणीत बायको आणि मुलगी 1956 पासून पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. एवढं सगळं ऐकून मला शूर वाटायला हवं होतं. घरी येऊन मी रडले.

कारण पुढचं फक्त तुलाच कळेल. बाबांना घाम फुटला तेव्हा रात्री दोन वाजता टेम्पोत गादी घालून त्यांना रत्नागिरीला कोणी नेलं? अग्नी कोणी दिला? मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. हॉस्पिटलचं बिल विचारलं तर म्हणाला, "नंतर बघू." आता वाटतं, हेच ते नंतर. आई म्हणते, देऊन टाक सही, तो आहे म्हणून घरावर कौलं आहेत, घरपट्टी तो भरतो, तू चतुर्थीपुरती जाणार. खोटं नाही गं ते. सरळ म्हणाला असता ना, की तुम्ही शहरात, मी इथे राबतो, बाग मला द्या, तर कदाचित मी दिलीही असती. वारस नोंद म्हणून माझ्यापुढे ते तिसरं पान सरकवायला नको होतं.

आणि हाच दादा! पाठीला डबा बांधून आपल्याला विहिरीत ढकलणारा. तुझा डबा सुटला तेव्हा कपड्यांसकट उडी मारली होती त्याने. तू अजून म्हणतेस, डबा त्यानेच सैल बांधला होता. मी तेव्हा त्याची बाजू घेतली होती. आता नक्की सांगता येत नाही.

तर, काल रात्री मी ई-हक्कच्या सरकारी साइटवर वारस नोंदीचा अर्ज स्वतःच भरून टाकला. आईचं नाव आणि माझं. दादाला सांगितलं नाही, आईलाही नाही. पण सहहिस्सेदार म्हणून काकांना नोटीस जाईल, आणि काकांचं टपाल तोच फोडतो. चतुर्थीच्या आसपास पोचेल. म्हणजे मी वहिनीशेजारी मोदक वळत बसलेली आणि पोस्टमन अंगणात. सांग, कळ्या कशा पडतील?

तू येशील का चतुर्थीला? दोन दिवस. काही बोलू नकोस, नुसती माजघरात बसून रहा. तू नुसती बघितलीस तरी लोक खरं बोलतात.

चिन्मयचा निकाल कळला, शाबास म्हण त्याला. नवीन घराचे फोटो पाहिले, ओटा छान आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का?

तुझी,
सुमी

ता. क. पाकीट बंद करता करता दादाचा मेसेज आला. "कधी येताय? स्टँडवर गाडी पाठवतो. काकूला पायऱ्या जमत नाहीत ना." वाचलेल्याच्या निळ्या खुणा उमटल्यात, आता न वाचल्यासारखं करता येणार नाही. काय लिहू?