तापमान हवेचे नको, पानाचे मोजा

महोदय,

उष्णतेच्या लाटेत पिकांचे नुकसान झाल्याची बातमी आली की सोबत करपलेल्या पानाचे छायाचित्र आणि हवेचे कमाल तापमान असतेच. पान करपते ते फार उशिरा. प्रकाशसंश्लेषण त्याआधीच, पान हिरवेगार दिसत असताना मंदावलेले असते.

कार्बन डायऑक्साइड बांधणारे रुबिस्को हे विकर तसे चिवट, ५० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकते. त्याला कार्यक्षम ठेवणारे ॲक्टिव्हेज मात्र गहू, बटाट्यासारख्या पिकांत ३५ ते ४० अंशांतच निकामी होऊ लागते. शिवाय तापमान चढले की रुबिस्को ऑक्सिजनही जास्त धरते, प्रकाशश्वसन वाढते आणि बांधलेला कार्बन पुन्हा सुटतो. मका, ज्वारी, ऊस यांना प्रकाशश्वसनाचा फटका कमी बसतो. ॲक्टिव्हेजची अडचण त्यांनाही आहे. एवढ्यावर थांबले तर गारवा मिळताच पान सावरते. ४५ अंशांपुढे हरितलवकातील पटले सैल पडतात, पाण्याचे विघटन करणारा मँगनीजयुक्त भाग मोडतो, आणि ती दुरुस्ती लवकर होत नाही.

हे सारे अंश पानाचे आहेत, हवेचे नव्हेत. मुळांना पाणी असेल तर बाष्पोत्सर्जनामुळे पान हवेपेक्षा काही अंश थंड राहते. पर्णरंध्रे मिटली की तेच पान हवेपेक्षा जास्त तापते. म्हणून दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटरने उन्हातली आठ-दहा पाने मोजावीत. उपकरण पानाच्या अगदी जवळ धरावे, नाहीतर मागच्या तापलेल्या मातीचा आकडा मिळतो (ही चूक सर्रास होते). प्रतिदीप्तिमापक (हरितद्रव्यातून परत निघणारा मंद प्रकाश मोजणारे उपकरण) असल्यास पान २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवून एफव्ही/एफएम हे प्रकाशसंश्लेषणाची क्षमता सांगणारे गुणोत्तर घ्यावे. निरोगी पानात ते ०.८३ च्या जवळ असते.

उपायांत पहिले पाणी, तेही पहाटे, म्हणजे ऊन चढण्याआधी पान भरलेले राहते. दुपारी कोमेजलेले झाड पाहून लगेच पाणी ओतू नये. आधी मुळांजवळची माती चाचपावी. ती ओली असेल तर जादा पाण्याने मुळांचा प्राणवायूच तुटतो. केओलिन या पांढऱ्या मातीची ५ टक्के फवारणी, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, ऊन परतवते. पण पावसाने धुऊन जाते आणि ढगाळ हवेत प्रकाशच अडवते. शेडनेटचेही तेच. दाट जाळी कायमची ताणून ठेवली तर उष्णतेने घटणारे प्रकाशसंश्लेषण सावलीने घटते. ती दुपारपुरती ओढता येईल अशीच बसवावी.

– वनस्पतिशास्त्राचा एक अभ्यासक