डाव्या मूत्रपिंडातील पाचर : एका रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना दिंडोरीहून नाशिकला आपल्याकडे सीटी स्कॅनसाठी आणले होते. मोठ्या आतड्याला सूज आहे का, एवढेच पाहायचे होते. ती किरकोळ निघाली आणि औषधांनी उतरली.

आपली नजर मात्र डाव्या मूत्रपिंडावर थांबली. त्याच्या खालच्या भागात पाचरीच्या आकाराचा तुकडा कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून दिलेले औषध) घेत नव्हता आणि तेथील कड आत ओढली गेली होती. अहवालात एक ओळ लिहून आपल्याला पुढच्या रुग्णाकडे वळता आले असते, पण आपण स्वतः बाहेर येऊन विचारलेत, "काका, डाव्या कुशीत कधी अचानक जोरात दुखले होते का?"

दुखले होते. एप्रिलमध्ये द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या वेळी बाबा दोन दिवस उलट्या आणि कळांनी हैराण झाले होते. तेव्हा मुतखडा समजून उपचार झाले, सोनोग्राफीत खडा दिसला नाही म्हणून तो पडून गेला असेल असे सांगण्यात आले, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी नॉर्मल असल्याने आम्हीही निर्धास्त झालो. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते म्हणून रक्ततपासणी निर्दोष दिसू शकते, हे आम्हाला आपल्याकडूनच कळले. मूत्रपिंडातील धमनीची शाखा गुठळीने बंद झाली की तिच्या वाट्याच्या भागाला दुसरीकडून रक्त मिळत नाही, हे आपण सांगताच बाबा म्हणाले, "म्हणजे एकच ओलांडा वाळला, वेल हिरवा राहिला." त्यांना ते आमच्याआधी समजले.

त्याच संध्याकाळी आपण आमच्या डॉक्टरांना फोन करून गुठळी हृदयातून आली असावी, ही शंका बोलून दाखवलीत. साधा ईसीजी नॉर्मल आला, तरी आपल्या आग्रहामुळे 24 तास हृदयाचे ठोके नोंदवणारे होल्टर यंत्र लावले गेले आणि मधूनमधून येणारे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयात गुठळी होऊ देणारे अनियमित ठोके, त्यात सापडले. पुढची गुठळी मेंदूकडे जाऊन अर्धांगवायू होऊ शकला असता, हे ऐकताना आईने माझा हात घट्ट धरला होता. त्या एका प्रश्नासाठी आणि त्या फोनसाठी आम्ही सारे आपले मनापासून ऋणी आहोत.

मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येणार नाही, हे आम्ही स्वीकारले आहे. बाबा रोज रात्री जेवणासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकता घेतात, आणि कापले तर रक्त लवकर थांबत नाही म्हणून आता हातमोजे घालूनच कात्री हाती घेतात.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी