शून्य ते तीन वयाच्या मुलांच्या पालक गटांसाठी: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मूल जन्मल्यापासून ४२ दिवस आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात भेट होते. तीन वर्षे पूर्ण झाली की मूल रोज अंगणवाडीत येऊ लागते. मधली पावणेदोन वर्षे मात्र पालकांचा यंत्रणेशी संबंध येतो तो वजनकाटा, लस आणि घरपोच आहाराची पाकिटे एवढ्यापुरताच. सेविकेच्या गृहभेटी असतात, पण त्यात बोलणे होते ते वजनावर आणि खाण्यावर. नेमके याच काळात मूल सुट्ट्या शब्दांवरून वाक्यांवर येते, हट्ट करू लागते, आणि गप्प बसावे म्हणून त्याच्या हातात मोबाइल दिला जातो.

या वयाच्या मुलांशी कसे खेळावे-बोलावे, याच्या साहित्याची उणीव नाही. जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा २०२४ मध्येच आला आहे. उणीव आहे ती ठरलेल्या वेळेची. म्हणून आमची मागणी एकच: प्रत्येक अंगणवाडीत या वयोगटाचा पालक गट दर आठवड्याला, त्याच वारी आणि त्याच वेळी भरावा. ओडिशातल्या खेड्यांमध्ये घरभेटी आणि आई-मुलांचे छोटे गट यांची तुलना झाली होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या विकासावर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच होता, गटांचा खर्च मात्र बराच कमी.

गट म्हणजे मेळावा नव्हे, हे आदेशात स्पष्ट लिहावे लागेल. मेळाव्यात चाळीस आया सतरंजीवर, समोर पाहुण्यांचे भाषण, मुले रडारड करतात म्हणून बाहेर. तिथे कोणी काही करून पाहत नाही. गटात आई-मुलाच्या सहा ते आठ जोड्या पुरे. वयाची सरमिसळ नको: रांगणारी वेगळी, चालणारी वेगळी. नाहीतर मोठी मुले तान्ह्यांच्या अंगावर जातात आणि तान्ह्यांच्या आया पुढच्या वेळी येत नाहीत.

वेळ एक तास. पहिली दहा मिनिटे मागच्या आठवड्याचा खेळ घरी झाला का, कुठे अडला, एवढेच. मग एक गाणे. मग सेविकेने एका मुलासोबत नवा खेळ करून दाखवायचा, आणि लगेच प्रत्येक आईने आपल्या मुलासोबत तो करायचा. हा भाग निदान अर्धा तास हवा; घाईत हाच कापला जातो. या वेळी सेविकेने मुलाच्या हातातली वस्तू घेऊन 'असं नाही, असं' करायचे नाही. आईने काय बरोबर केले तेवढे नाव घेऊन सांगायचे: 'तो डब्याकडे बघत होता, तेव्हा तुम्ही "डबा" म्हणालात ना, तसंच.' शेवटी खेळणे घरी न्यायचे आणि पुढच्या वेळी बदलून घ्यायचे.

खेळणी घरातल्या वस्तूंची चालतात: झाकणांचे डबे, कापडी चेंडू, जाड पुठ्ठ्याची चित्रे. खेळण्यांची सुरक्षितता तपासण्यासाठी वापरतात त्या ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको, ती घशात अडकू शकते. बाटलीत दाणे घालून खुळखुळा केला तर झाकण पक्के चिकटवावे आणि दर वेळी तपासावे. आणि खेळणी फुटणार, हरवणार. त्याचा हिशेब सेविकेकडून मागितला की ती कपाटात कुलूपबंद होतात. बदलीसाठी थोडी तरतूद आधीच धरा.

वेळेचा प्रश्न सर्वांत अवघड. सकाळी सेविका तीन ते सहाच्या मुलांत गुंतलेली, दुपारी आया शेतात. तेव्हा वेळ गावाने ठरवावी, हंगामानुसार बदलावी. आजी मुलाला घेऊन आली तर तीच पालक. दिवसभर मूल तिच्याकडेच असते. वडिलांसाठी महिन्यातून एक गट सुट्टीच्या दिवशी ठेवावा. मोठी भावंडे सोबत येणारच, त्यांना सांभाळायला मदतनीस हवी, आणि या तासाचा मोबदला दोघींना वेगळा मिळायला हवा. आधीच्या कामांच्या यादीत फुकटात आणखी एक ओळ वाढवली, तर गट रजिस्टरमध्येच भरतील.

प्रशिक्षणही एकदाच उरकू नका. सुरुवातीचे दिवस झाल्यावर पर्यवेक्षिकेने महिन्यातून एकदा गटात शेवटपर्यंत बसावे. फोटो मागू नयेत. आया स्वतः किती वेळ मुलाशी खेळल्या, ते पाहावे.

गटाचा आणखी एक उपयोग आहे. नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे चालत नाही, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरले, हे दर आठवड्याला दिसणाऱ्या मुलात लवकर लक्षात येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते; तोवर थांबायला लावू नका. सेविकेला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (विकासात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी व उपचार करणारे केंद्र) थेट चिठ्ठी देण्याचा अधिकार द्या, आणि तपासणीत काय निघाले ते तिला कळवण्याची जबाबदारी केंद्रावर टाका.

सुरुवात प्रत्येक बालविकास प्रकल्पातल्या एका बीटपासून, म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांपासून, केली तरी चालेल. फक्त त्या बीटमधल्या सेविकांना त्या वर्षी दुसरे नवे काम देऊ नये.

आपले,
बालविकासाच्या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते