बाळ्या, तुझी सहा शहरं मी चारवर आणलीत

उद्यमनगर, कोल्हापूर
18 जानेवारी 2026

प्रिय बाळ्या,

आपल्या चौघांच्या युरोप सहलीचा तुझा तक्ता मिळाला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, इंटरलाकेन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्रत्येकी दोन रात्री, आणि खाली लाल अक्षरात ‘सगळं बसतंय!’ लेका, वडापच्या जीपमध्येही सगळं बसतंय, उतरल्यावर पाय कुणाचे ते ओळखावं लागतं.

रागावू नकोस. काल दुकान लवकर बंद केलं आणि तुझा तक्ता, कॅल्क्युलेटर आणि चहा घेऊन बसलो. आमची ही दोनदा जेवायला बोलवून गेली. शेवटी ताट तिथंच आणून ठेवलं आणि म्हणाली, “युरोपला जाऊन आल्यावर जेवणार काय?”

माझी अडचण धंद्यातली आहे, म्हणून धंद्याच्याच भाषेत सांगतो. माझ्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एक जॉब उतरवून दुसरा चढवायचा तर फिक्स्चर बदलायचं, टूलचे ऑफसेट घ्यायचे, पहिला पीस काढून मोजायचा, तो बसला नाही की परत. तोवर लाइट चालू, ऑपरेटरचा पगार चालू, माल मात्र शून्य. शहर बदलणं म्हणजे नेमकी हीच सेटिंग. सकाळी बॅगा भरा, अकराच्या आत खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, परत बॅगा ओढा, नवी खोली मिळणार तीनला. तुझ्या तक्त्यात अशी सेटिंग पाच वेळा आहे. अर्धा अर्धा दिवस धरला तरी अडीच दिवस गेले, आणि त्या अडीच दिवसांचं हॉटेल-जेवण आपण भरणारच. हा खर्च तुझ्या एकाही रकान्यात नाही.

म्हणून माझा तक्ता असा. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन, पॅरिस तीन. बारा रात्रीच, सेटिंग तीन. विमान मुंबईहून रोमला उतरायचं आणि परतीला पॅरिसहून बसायचं. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ निवडलं की हे एकाच तिकिटात येतं. रोमला माघारी यायचं भाडं आणि दिवस दोन्ही वाचतात.

इंटरलाकेन गाळल्यानं वहिनींचा बर्फ गेला, हे मला कळतंय. पण युंगफ्राउयोखला, म्हणजे तिथल्या बर्फाच्या डोंगरावर, वर जायचं पूर्ण भाड्याचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं, आणि 3454 मीटरवर ढग आले तर आपण चौघं दोनशे-दोनशे फ्रँकचं धुकं बघून येणार. धुकं आपल्याकडं आंबोलीत फुकट आहे. त्यांना सांग, बर्फाला वेगळं वर्ष काढू. (हे तूच सांग. माझं नाव घेऊ नकोस.)

आता फ्लॉरेन्सचं. तू फोनवर म्हणालास, एखादं शहर काढायचंच तर फ्लॉरेन्स काढ, “तिथं नुसती चित्रं.” बाळ्या, तू कोल्हापूरचा आहेस ना? आपल्या गादीचे दुसरे राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते. परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथंच गेले. वय वीस. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि 1874 साली त्याच जागी छत्री उभारली गेली, आत त्यांचा अर्धपुतळा. कॅशिने नावाच्या भल्या लांब बागेच्या पार पश्चिम टोकाला ती आहे. तिथल्या पुलालाही ‘ऑल इंदियानो’ म्हणजे त्या भारतीयाचा पूल म्हणतात. जुन्या राजवाड्यासमोरून रोज शाळेला जाणाऱ्या माणसानं युरोप बघून यावं आणि तिथं न जाता यावं? तिकीटही नाही त्याला. सकाळी बागेतून चालत जायचं, इथून नेलेला हळदी-कुंकवाचा पुडा ठेवायचा, बास.

चित्रांचंही ऐक. तिथलं चित्रांचं मोठं म्युझियम उफिझी सोमवारी बंद असतं आणि तुझ्या तक्त्यात फ्लॉरेन्सचा मुख्य दिवस सोमवारच होता. माझ्या तक्त्यात 12 एप्रिलला रोम, 16 ते 19 फ्लॉरेन्स, म्हणजे गुरुवार ते रविवार. व्हेनिस 21 पर्यंत, मग 24 ला पॅरिसहून परत. मंगळवारी पॅरिसला पोचतो तेव्हा लूव्हर म्युझियम बंद, पण आपणही दमलेलेच असणार. त्याचं तिकीट याच महिन्यात आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांसाठी 22 वरून 32 युरो झालंय, तेवढं मनाला लावून घ्यायचं नाही. तारखांचं गणित मी आणखी एका कारणानं असं बसवलं. ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळं आपली जोतिबाची चैत्र यात्रा आणि तो बरेचदा एकाच आठवड्यात पडतात. यंदा ईस्टर 5 एप्रिलला. जोतिबावर गुलाल उधळून झाला की रोमची गर्दीही ओसरलेली. आणि 25 एप्रिलला इटलीत राष्ट्रीय सुट्टी, त्याच्या आदल्या दिवशी आपण पॅरिसहून विमानात.

पैसे. युरो मी मुद्दाम 115 रुपयांनी धरलाय, आजच्यापेक्षा चढा. स्वस्त पडला तर परतीला मुंबईत मासे खाऊ. खोली सरासरी 140 युरो, दोघांत वाटून बारा रात्रींचे माणशी 96,600. विमान 70 हजार धरलंय. जेवण दिवसाला 35 युरो, तेराच दिवस, 52 हजार. रेल्वे, व्हेनिस-पॅरिस विमान आणि शहरातला प्रवास 25 हजार. म्युझियम वगैरे 17. व्हिसा आणि विमा 16. मुंबईपर्यंतचं, सिमकार्ड असलं किरकोळ 6 हजार. बेरीज 2 लाख 83 हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे 3 लाख 11 हजार. आपलं ठरलं होतं माणशी तीन. वरचे अकरा हजार मी भंगाराच्या विक्रीतून घालतो, तू तुझं बघ. तुझी सहा शहरं 3 लाख 70 वर गेली होती आणि त्यात अडीअडचणीचा एक पैसाही नव्हता.

जेवणाच्या 35 युरोवर तू हसशील. पण इटलीत बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसलं की माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे नुसते बसायचे पैसे, लागतात. कॉफी काउंटरला उभ्यानं प्यायची, बसून प्यायली की तीच महाग. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, रिकामी बाटली बरोबर ठेव. बाकी भडंग, चटणी, दशम्या आपण नेतोच. मात्र तुझ्या आईच्या हातचं मटणाचं लोणचं न्यायचं नाही. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पेढेसुद्धा. माहीत आहे, तुला हे सगळ्यात जास्त लागलं.

व्हेनिसला मुक्काम बेटाबाहेरच्या मेस्त्रेला. बेटावरच्या खोल्या परवडत नाहीत आणि मेस्त्रेहून सांता लुचिया स्टेशन रेल्वेनं दहा-बारा मिनिटांवर. दिवसापुरतं येणाऱ्यांकडून व्हेनिस काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतं. मुक्कामी माणसाला ते नाही, पण तशी नोंद आधी ऑनलाइन करावी लागते, ती मी करतो. स्टेशनवर पाट्या फिरेंझे आणि व्हेनेत्सिया अशा असतील, फ्लॉरेन्स शोधत फलाटावर पळत सुटू नकोस.

तू पाठवलेलं पॅरिसचं स्वस्त तिकीट मी रद्द धरलंय. ते बोव्हे विमानतळाचं आहे, पॅरिसपासून 85 किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर सांगून कराडच्या पलीकडं उतरवल्यासारखं. वर बस आणि बॅगेचे पैसे वेगळे.

कार्डाचं माझं बँकॉकचं दुखणं तुला माहीतच आहे. दुकानदारानं मशीन माझ्याकडं फिरवलं, पडद्यावर दोन पर्याय, बाट आणि रुपये. रुपये बघून इतकं घरचं वाटलं की तेच दाबलं. रूमवर येऊन हिशोब केला तर त्यांनी आपल्या मनाचा भाव लावला होता. तिकडं मशीननं विचारलं तर दरवेळी युरो. वहिनींनाही शिकवून ठेव, कारण कार्ड त्यांच्याच पर्समध्ये असणार.

व्हिसाचं तेवढं मनावर घे. जास्त रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडं. फी मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा. प्रवासाआधी पंधरा दिवसांपर्यंत अर्ज चालतो असं नियमात आहे, पण निकालाला कधी कधी 45 दिवसही लागतात, म्हणून फेब्रुवारीतच उरकू. आम्ही दोघं महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतो, तुम्ही चिंचवडहून या. बोटांचे ठसे चौघांनाही द्यायचेत.

वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे की सासरचं, ते आजच बघ. तिकीट पासपोर्टवर आहे त्याच नावानं काढायचं, अक्षर न् अक्षर. परतीनंतर तीन महिने मुदत शिल्लक आहे का आणि दोन कोरी पानं आहेत का तेही बघ. फोटो काढून रविवारपर्यंत पाठव. सोमवारी मी विमानाचे पैसे भरतोय, मग इंटरलाकेनचा विषय काढलास तरी मी फोन उचलणार नाही.

तुझा,
तात्या

ता. क. आईला लोणच्याचं मी सांगितलं म्हणू नकोस. जाण्याआधी एक बरणी इकडं पाठवून दे म्हणावं.