पवनाकाठी कुटुंबांनाही जागा हवी

महोदय,

गेल्या शनिवारी आई, बायको आणि दोन्ही मुलांसह पवना धरणाच्या काठावर तंबूत मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळ झकास गेली. समोर तुंगचा सुळका, चुलीवरची पिठलं-भाकरी आणि आईने पाण्यावर चपटे दगड भिरकावून नातवंडांना काढून दाखवलेले पाच-पाच टप्पे. ही कला तिने आमच्यापासून इतकी वर्षे का लपवली, देव जाणे!

दहानंतर शेजारच्या तंबूंत डीजे सुरू झाला, तो थेट दीडपर्यंत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, हे जागावाल्याला सांगितले, तर "वीकेंड आहे साहेब" एवढेच उत्तर. सकाळी काठावर बाटल्यांच्या काचा, त्यामुळे मुलांना अनवाणी पाण्यात पाय बुडवू देता आले नाहीत. शिवाय हेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते.

कुटुंबांसाठी काठाचा थोडा भाग वेगळा ठेवावा, तिथे डीजे आणि दारूला बंदी असावी. बोटीत बसण्यापूर्वी प्रत्येकाला लाइफ जॅकेट सक्तीचे करावे. आम्हाला पाच जणांत तीनच मिळाली. पुढच्या हंगामाआधी एवढे तरी व्हावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे