वायंडिंगवाल्या काकाजींना, आठवीच्या वर्गाकडून

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "राहू द्या हो मॅडम" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, शेतीला रात्रीची लाइन, दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग. अशा घाईत तुम्ही दुकान बंद ठेवून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आलात. मला तर फक्त भंगारातली तांब्याची तार हवी होती. आठवीला धाराविद्युत आणि चुंबकत्वाचा धडा आहे, त्यातला विद्युतचुंबक, म्हणजे लोखंडी खिळ्यावर तार गुंडाळून वीज सोडली की होणारा चुंबक, करून दाखवायचा होता. तार देताना तुम्ही विचारलंत, "कराचं कोनं? तुमी का पोट्टे?" तिथूनच सगळं बदललं.

तुमच्या दुकानात मोटार आली की हाताखालच्या पोराला तुम्ही लगेच पाना देत नाही. "आंधी सांग बिघाड कुठं असन, मंग खोल." वर्गातही तुम्ही तेच लावलंत. जोडणी करण्याआधी प्रत्येकानं वहीत लिहायचं की काय होईल आणि काहून होईल. तेही पेनानं, म्हणजे नंतर खोडता येत नाही. आम्हाला प्रशिक्षणात हीच गोष्ट 'अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण' अशा नावानं शिकवली होती. पण प्रशिक्षणातली पद्धत फाइलीत राहते. तुमची वर्गात आली, कारण तुम्ही रोज तिच्यावरच पोट भरता.

पहिल्याच जोडणीला बल्ब लागला नाही. वायंडिंगची, म्हणजे मोटारीत गुंडाळायची, तार लखलखीत दिसते, म्हणून सगळ्यांनी ती उघडीच आहे असं धरलं होतं. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, तर तुम्ही मागून म्हणालात, "सांगू नोका मॅडम, शोधतीन." सेल बदलून झाले, बल्ब बदलून झाला, एकमेकांवर आळ घेऊन झाले. शेवटी एका मुलीनं तारेचं टोक नखानं खरवडलं आणि म्हणाली, "याले काही तरी लावलं आहे." मग काचपेपर फिरला, इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, थर निघाला, बल्ब लागला. त्यानंतर मी विल्यम स्टर्जनची गोष्ट सांगितली. १८२५ मध्ये त्यानं विद्युतचुंबक दाखवला तेव्हा लोखंडाला वार्निश लावून वर उघडी तार गुंडाळली होती आणि वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून ते लांब लांब ठेवले होते. पुढे जोसेफ हेन्रीनं तारेलाच रेशीम गुंडाळलं, म्हणून वेढे दाट, थरावर थर घेता आले. एरवी ही माहिती मी धड्याच्या सुरुवातीला सांगितली असती आणि कोणी ऐकली नसती.

मग खिळ्याच्या जागी तांब्याची सळई. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच अंदाज: तांब्यातून वीज चांगली जाते, तर चुंबकही जोरदार होईल. टाचण्या जागच्या हलल्या नाहीत. वीज वाहून नेणं वेगळं आणि चुंबक होणं वेगळं, हे फळ्यावर लिहून कधी पटलं नव्हतं.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले तो प्रयोग पुढचा. एकानं तुम्हाला विचारलं होतं, "व्होल्टेज कमी असलं तं मोटार जळते कशी? जास्त असलं तं जळाले पायजे." प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्या घरचा पंप त्याच आठवड्यात तुमच्याकडे आलेला. तुम्ही व्याख्यान दिलं नाहीत. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि खेळण्यातली मोटार एकाच ओळीत जोडलीत. मोटार फिरत होती, बल्ब मिणमिणत होता. मग विचारलंत, "आता हे चाक बोटानं धरलं तं बल्बाचं का होईन?" बहुतेकांनी लिहिलं, विझेल. एक-दोघांनी लिहिलं, तसाच राहील. चाक धरलं आणि बल्ब भकन उजळला. वर्गात जो कल्ला झाला तो ऐकून शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

फिरती मोटार स्वतःही थोडी वीज तयार करते आणि ती येणाऱ्या विजेला अडवते; मोटार थांबली की ती अडवणूक जाते आणि प्रवाह वाढतो. पंपाची मोटार आतून वेगळी असते, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. पण कमी व्होल्टेजवर तिचाही जोर घटतो, पाण्याचा भार तेवढाच राहतो, ती मंदावते किंवा सुरूच होत नाही आणि जास्त प्रवाह ओढते. वायंडिंग तापतं, इनॅमल जळतं, वेढे एकमेकांना चिकटतात. तुम्ही पिशवीतून काळं पडलेलं वेटोळं काढून मुलांच्या हातात दिलंत. त्या जळक्या वासानं निम्मा धडा शिकवला.

आणखी एका गोष्टीचे आभार. वर्गात पाय ठेवताच तुम्ही दटावून सांगितलंत की हे सगळं सेलवरच करायचं, घरच्या बोर्डात तार घालायची नाही. तुमच्या तोंडून आलं म्हणून मुलांनी ते मानलं.

आपल्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकण्याची नई तालीम तिथून पुढे निघाली. आम्ही शिक्षक भाषणात हे सांगतो. नंतर फळ्याकडे वळून टिपणं लिहून देतो. वर्ग शांत राहतो, अभ्यासक्रम वेळेत संपतो, हे खरंच आहे. तुमच्या पद्धतीनं एका धड्याला दुप्पट तासिका गेल्या. त्या मी दुसऱ्या एका धड्यातून कापल्या, आणि कोणता ते इथं लिहीत नाही.

हल्ली मातीच्या धड्यालाही अंदाज आधी लिहून घेते. कापलेल्या बाटल्यांत काळी माती, मुरूम आणि रेती भरायची, वरून सारखंच पाणी ओतायचं, खाली आधी कुठून गळेल ते सांगायचं. इथं मात्र कापूस-सोयाबीनवाल्यांची मुलं सहसा चुकत नाहीत.

मार्चमध्ये ओलिताची घाई सरली की एकदा याच. वर्गात एक प्रश्न अडून बसला आहे: कॅपॅसिटर गेलेला पंखा बटण दाबून फिरत नाही, पण काडीनं पात्याला जरा ढकललं की फिरू लागतो, तो काहून? मी काही सांगितलेलं नाही. अंदाज पेनानं लिहून घेतले आहेत. येताना एक जुना पंखा घेऊन या.

आपली,
आठवीची विज्ञान शिक्षिका